ग्रहणाच्या प्लेटा

करणी, ग्रहणाचा दोष, अंगात येणं... असलं काही मी आयुष्यात मानलं नाही. फोटोग्राफर माणूस मी. काचेची प्लेट धुतल्यावर दिसेल तेच खरं! म्हणून हे लिहिताना संकोच होतोय. आणि खरं सांगायचं तर किळसही येतेय.

१९५५ चा जून. सिलोनात खग्रास ग्रहण होतं, आमच्या हिंगणघाटला सकाळी खंडग्रास. कापडमिलच्या मागच्या गल्लीत पुढे माझा स्टुडिओ, मागे घर. अंगणात कॅमेरा उभा केला, लेन्सवर काळी काच बसवली. माझी बायको सुशीला तेव्हा पोटुशी होती. तीही बाहेर आली.

आई दारातून ओरडली, "पोटुशी बाई गरानात बाहेर निंगते का? आत ये!"

"पाहू द्या ना मले एकडाव," सुशीला हसत म्हणाली. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मी तिला कुरतडलेला सूर्य दाखवला.

"एवढूसाच?"

मी सूर्याचे फोटो घेतले. शेवटच्या प्लेटवर, काळी काच काढून, तिचा एक — त्याच फिक्या उजेडात.

दुपारी अंधारखोलीत सूर्याची पहिली प्लेट डेव्हलपरच्या द्रावणात सोडली. बोटाखाली काहीतरी वळवळलं. लाल दिव्याच्या उजेडात धरली तर... काचेवरचा लेप सायीसारखा फुगलेला आणि त्याखाली पांढऱ्या अळ्या. जिवंत! मेलेल्या जनावरासारखी घाण सुटली. दुसरी, तिसरी — तेच. मला भडभडून ओकारी झाली.

उरली सुशीलाची प्लेट. ती दारात नाक दाबून उभी.

"ही नको. फेकतो," मी म्हटलं.

"काऊन? मले पाहाचं हाय." तिचा हात पोटावर होता. मी हलेना, तेव्हा तिनंच दार लावलं आणि प्लेट ट्रेमध्ये सोडली. त्याच डब्यातली प्लेट, त्याच बाटलीतलं डेव्हलपर.

लख्ख निघाली. चेहरा, पदर, मागे दोरीवर वाळणारी धोतरं... सगळं स्वच्छ. सुशीला तिथंच खाली बसून रडली.

नागपूरचा प्लेटांचा व्यापारी म्हणाला, "गरमीनं लेप सुटते भाऊ." सुटतो, मलाही माहीत आहे. पण अळ्या? सीलबंद डब्यात? आणि एकच प्लेट चांगली?

तो अख्खा पावसाळा मी त्या बोटांनी जेवलो नाही. आई ताटात चमचा ठेवायची.

दसऱ्याच्या सुमारास मुलगी झाली, ठणठणीत. सुशीलानं तो फोटो कितीदा मागितला. प्लेट स्वच्छ आहे, मी डोळ्यांनी पाहिलीय... तरी हातात घेतली की परत डब्यात ठेवून देतो. प्रिंट अजून काढलेला नाही. अळ्या कुठून आल्या, तेही अजून कळलेलं नाही.