विलापाचा उरलेला अर्धा भाग

भुतंखेतं, दृष्टांत, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता आहे का, ते मलाही सांगता येणार नाही. घडलं तसं लिहितो.

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं. दोह्याजवळ एका स्टेडियमच्या साईटवर मी फायर अलार्मचं काम बघायचो. मुऐदर या दोह्याच्या उपनगरात एका व्हिलाचा मागचा भाग भाड्याने घेतला होता. घरात मी, बायको आणि नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आलेली आई. डेडलाईन जवळ आली तसे सगळेच इतके दमलेले, की येता-जाता बसमध्ये कुणी कुणाशी बोलेना.

डेक्लन आमचा सेफ्टी मॅनेजर, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यातला. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि जेवण झालं की खिशातली पत्र्याची बारकी बासरी वाजवायचा. त्या शुक्रवारी तो नीट जेवलाच नाही. गावी त्याची आई अंथरुणाला खिळली होती, आणि रजेचं स्टेडियम मालकाच्या ताब्यात दिल्यावर बघू, असं ऑफिसने सांगितलं होतं.

मीच म्हटलं, "वाजव काहीतरी. जरा बरं वाटेल."

त्याने एक संथ चाल धरली आणि मध्येच थांबला.

"पुढे?"

"पुढचं येत नाही मला," तो म्हणाला. "हा विलाप आहे. आमच्याकडे पूर्वी कुणी गेलं की बायका प्रेताशेजारी बसून आयरिशमध्ये गायच्या. पाद्र्यांना ते खपायचं नाही. हळूहळू बंद पडलं. गावात शेवटी फक्त आईला यायचं. तिने अर्धाच शिकवला... पूर्ण विलाप उगाच म्हणायचा नसतो, म्हणायची. मी तो एकदाच ऐकलाय. वडील गेले तेव्हा."

माझी आई शेजारीच मेथी निवडत बसली होती. तिला इंग्रजी कळत नाही. दम्यामुळे आवाज कायम बसलेला. तिने मान वर केली नाही, हात चालूच होते — आणि ती गायला लागली. मोकळ्या, भरलेल्या आवाजात. चाल जिथे तुटली होती, तिथूनच. शब्द मराठी नव्हते. बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

डेक्लन हळूच म्हणाला, "हा माझ्या आईचा आवाज आहे."

गाणं संपलं. आईने मेथीची दुसरी जुडी सोडली.

"आई, काय म्हणत होतीस?"

"कुठे काय? त्या पोराला पाणी दे आधी. बघ कसा पांढरा पडलाय."

डेक्लनने घरी फोन लावला. बहिणीने रडतच उचलला. त्याची आई नुकतीच गेली होती. माझ्या आईला मी सांगितलं, तेव्हा ती उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

रजेची वाट न बघता तो त्याच दिवशी निघाला. पुढे त्याचा फोन आला. दफनाच्या वेळी त्याने विलाप पूर्ण म्हटला होता. वडिलांच्या वेळी तो विलाप ऐकलेली त्याची बहीण उरलेला अर्धा भाग ओळखून मध्येच उठली आणि शेवटपर्यंत त्याचा हात धरून उभी राहिली.

आईला मी कितीदा विचारलं. "मला मेलीला कुठे गाता येतं," एवढंच ती म्हणते. एक डॉक्टर मित्र म्हणतो, कधीतरी कानावर पडलं असेल. नाशिकमध्ये? कुठून? विचार करून करून कंटाळलो.

डेक्लन कतारला परतला नाही. फोनवर त्याने एकच विचारलं होतं, "गाताना माझी आई घाबरलेली वाटली का रे?"

"नाही," मी म्हटलं.

त्याला तेवढं पुरलं. मला मात्र अजून काहीच उलगडलेलं नाही.