अँकिलोसॉरसची शेपटी

चऱ्होलीत आमच्या सोसायटीच्या बागेत अँकिलोसॉरस या डायनोसॉरचा लोखंडी सांगाडा उभा आहे. तो माझ्या वडिलांनी केला. अण्णांनी चिखलीच्या शेडमध्ये जन्मभर जाळ्या आणि जिने केले. मनासारखं काम मिळालं ते हे एकच, तेही धंदा आवरता आवरता.

मोबाईलवर चित्रं बघून त्यांनी एकेक हाड समजून घेतलं. या प्राण्याचं चिलखत हाडांना जोडलेलं नव्हतं, कातडीत बसलेलं होतं, म्हणून पत्र्याच्या ढाली त्यांनी तारेवर टांगल्या. त्याच्या भाऊबंदांत काहींच्या पापणीलाही हाड असायचं, हे कळल्यावर बिजागरी लावून पापणी केली आणि लहान मुलासारखी ती उघडझाप करत बसले. पण त्यांचा जीव शेपटीत. तिची मागची हाडं एकमेकांत अडकून दांडा झालेला, टोकाला हाडाचा गोळा. पुढचे मणके मात्र मोकळे, म्हणून तर गोळा फिरायचा. त्या मणक्यांत अण्णांनी बिजागरीसारख्या फिरत्या पिना घातल्या. शेडमध्ये शेपटी फिरवायला जागा नव्हती. "बागंत उबा करू, मग मी हातानं फिरवून बगनार," म्हणायचे.

टेंपोत ती हलू नये म्हणून त्यांनी प्रत्येक पिनेवर वेल्डिंगचा टाका मारला. बागेत पोचल्यावर ते टाके घासून काढायचे होते. सांगाडा उतरवून अण्णा आधी जेवायला घरी आले.

तेवढ्यात त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे कंपनीतली शिफ्ट संपवून मदतीला आले. टाका दिसला की तिथं पक्कं वेल्डिंग मारायचं, हे त्यांना अण्णांनीच शिकवलेलं. त्यांनी सगळे सांधे भरले, वर रंगही दिला.

जेवून मी आणि अण्णा बागेत आलो. अण्णांनी गोळा दोन्ही हातांनी ढकलला. ढाली खणखणल्या, शेपटी जागची हलली नाही. माझं डोकंच फिरलं, पण अण्णांनी माझं मनगट धरलं. पोरांची तोंडं उतरली होती. "अण्णा, आत्ता कापतो," एक म्हणाला.

"राहू द्या हो," कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. "मुलं लोंबकळणार, पक्कंच बरं."

मला त्या माणसाचा आजही राग येतो. आणि त्याहून जास्त वाईट वाटतं, कारण अण्णा त्याच्याशी भांडलेच नाहीत. ते वेल्डिंगवरून बोट फिरवत होते.

"शिकवल्यावानी केलंय पोरांनी," म्हणाले. "कुटं भोक न्हाई."

मग त्यांनी पापणी खाली ओढली आणि घराकडे निघाले.