मामीच्या वजनाचं पोतं

मोटारसायकलच्या एका शॉकअपमध्ये मी दुप्पट तेल ओतलं आणि दुसऱ्यात ओतायचंच विसरलो, म्हणून जगदेव काका तुरीच्या वावरात गेले. जायचं त्यांना आसेगावला होतं.

हँडलखाली जे दोन शॉकअप असतात, त्यांत तेल सारखं मोजून घालावं लागतं. मी दोन्ही मापं उजव्यातच घातली, कारण नेमका तेव्हाच वर्षाराणीचा मेसेज आला होता. (तिने विचारलं होतं, 'काय चालू आहे?' मी लिहिलं, 'महत्त्वाचं काम.') पहिल्याच गतिरोधकावर उजव्याचं सील फुटलं, हँडल डोललं आणि काका गाडीसकट शेंगा धरलेल्या तुरीत. काकांना फारसं लागलं नाही. लागलं ते पांढऱ्या पायजम्याला.

"गफ्फार, याले आयटीआयत पास केलं कोनं?" काका गॅरेजात येऊन ओरडले.

"सरकारनं," मामू शांतपणे म्हणाले. "मी अजून नाई केला."

गफ्फार मामू म्हणजे शेलूबाजारात हायवेच्या कडेला पस्तीस वर्षं बसलेला मिस्त्री. मामू ते एकट्या भाच्याचे, नोमानचे, पण बाजारात सगळेच त्यांना मामू म्हणतात. त्यांच्याकडे येतात त्या शंभर सीसीच्या जुन्या, हलक्या गाड्या, ज्यांना मालकाच्या घरीही आता कोणी विचारत नाही. इंजिनाचं त्यांना फार कौतुक नव्हतं. "इंजिन कोनीबी बांधते बापा," ते म्हणत. "बसल्यावर पाठ शिव्या देते का नाई, ते पाहा." गाडी आली की पान्याला हात लावण्याआधी ते सीटवर दोन्ही तळवे ठेवून दाबत, सोडत, डोळे मिटत. मग सांगत, "चालते कुठं हे? हे तं खोकलून राह्यली."

त्या दिवशी मला हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट जवळ बसवलं आणि धागा शिकवला. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर खाली शिलाईचा एक धागा घट्ट बांधायचा आणि गाडी फिरवून आणायची. दांडा आत जितका बुडतो, तितका धागा वर सरकतो आणि तिथेच राहतो.

"मानूस म्हनते, मामू, एकटाच गेलतो, हळू गेलतो. धागा म्हनते, तिघं होते, अन् खड्डाबी सोडला नाई. कोनाचं ऐकाचं?"

गाठ त्यांची स्वतःची होती, सरकते पण सुटत नाही अशी. ती त्यांनी दोघांनाच दिली, एक मला आणि एक नोमानला. नोमानला बहिणीच्या पश्चात मामीनेच वाढवलेलं. शेजारचं सीट कव्हरचं दुकानही मामूंनीच त्याला लावून दिलं होतं.

ताजबी मामीच्या कमरेचं ऑपरेशन झालं त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर एकदा ती जीपमधून जऊळक्याला निघाली आणि धक्क्यांनी चक्कर येऊन अर्ध्या वाटेतून परत आली. जऊळक्याला तिची मोठी बहीण, यास्मीन आपा. आपाला आता दिसत नाही, त्यामुळे तिचं येणं शक्य नाही. दोघी रोज फोनवर बोलत. "पन फोनवर तिचा हात थोडीच धरता येते," असं मामी म्हणायची आणि शिलाईचं मशीन जोरात चालवायची.

मामूंनी ठरवलं, ईदला मामीला आपल्या गाडीवर जऊळक्याला न्यायचं.

त्यांची गाडी शहाण्णव सालची. हलकी गाडी मऊ करणं सगळ्यात अवघड, कारण जड गाडी दगड दाबते आणि हलक्या गाडीला दगड उचलतो. मामूंनी दीड महिना तिच्यावर घातला. मागचं चाक धरणारा चिमटा हलत होता, त्याला वाशीमहून पितळी बुश कातून आणले. हँडलचा कोनसेट बदलला. पुढच्यात जाड तेल घातलं, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून, आणि मोजताना माझ्याकडे पाहून. मागचे शॉकअप मात्र एका ठोकलेल्या नव्या गाडीचे मिळवले, उघडले, त्यांत तिसऱ्याच गाडीच्या मऊ स्प्रिंगा बसवल्या.

आता हे सगळं वजनावर जुळवायचं असतं, आणि मामीला रोज खड्ड्यांतून कसं फिरवणार? म्हणून डॉक्टरच्या कागदावरून मामूंनी तिचं वजन काढलं, बावन्न किलो. मामी म्हणाली, तो काटाच खोटा आहे. मामूंनी बावन्न किलो सोयाबीनचं पोतं भरलं, मागच्या सीटवर उभं बांधलं आणि रोज सकाळी त्याला घेऊन निघू लागले. बाजाराला तेवढंच पाहिजे होतं.

"मामू, मामी आज बोलून नाई राह्यली?"

"तुया बायकोवानी नाई ते," मामू गाडी न थांबवता उत्तर देत.

ईदच्या तीन दिवस आधी त्यांनी मागचे धागे पाहिले. चारच बोटं वर, म्हणजे पाहिजे तितकेच. त्यांनी पोत्याला थोपटलं.

ईदच्या सकाळी मामी गाडीवर बसली. हिरवी ओढणी, मांडीवर शीरखुर्म्याचा डबा. चाळीस मिनिटांनी ती परत आली ती मालवाहू टेम्पोत, आडवी. गाडी प्रत्येक खड्ड्यात खाली बसून आदळत होती. सहा किलोमीटर तिने दात आवळून काढले आणि मग ओरडली. पुढचे तीन आठवडे ती खाटेवरच होती.

दुसऱ्या दिवशी मामूंनी मला बाजारासमोर विचारलं, "प्रज्वल, मांगच्या शॉकअपले हात लावला का?"

"नाई मामू."

"खरं सांग."

"आईची शपथ."

"तुया शपथेची गॅरंटी असंन, हाताची नाई." त्यांनी माझ्याकडून गॅरेजची किल्ली मागून घेतली. जगदेव काका तिथेच होते. त्यांना आपला पायजमा आठवला असावा, त्यांनी मान डोलावली.

नोमान चहा पीत उभा होता. तो म्हणाला, "जाऊ द्या ना मामू. पोट्टं हाय, चुकते."

त्याने मला माफ करून टाकलं. मला तेव्हा त्याचा आधारच वाटला, हे आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मामूंनी मागचे शॉकअप न उघडता वरवरच तपासले. धागे पार वर जाऊन चिकटले होते. गाठ त्यांचीच. बाहेरून काळा रंग तोच. मग चूक आपल्याच हाताची, असं त्यांनी धरलं. ते शॉकअपचं काम परत पाठवू लागले. "इंजिन असंन तं बोल," असं ते गिऱ्हाइकाला म्हणाले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी मामीला पाहायला गेलो. मामू खाटेशी बसून त्या दोन काळ्या धाग्यांपैकी एक बोटांत फिरवत होते. ग्रीसने माखल्यावर सगळे धागे काळेच दिसतात. मामीने तो घेतला, अंगठ्याने पुसला आणि सवयीने दाताखाली धरून ओढला. तुटला नाही.

"हा कोनता?"

"तुयाच मशीनीचा. तूच देला."

"मी सुताचा देला होता. हा नायलॉनचा हाय, मेण लावलेला." तिने तो उजेडात धरला. "हा सीट कव्हरचा हाय."

मामू उठून चप्पल न घालता निघाले. मी मागे.

नोमान आधी हसला. मग सगळं सांगून टाकलं. वाशीमचा एक शौकीन पोट्टा त्या शॉकअपसाठी मागे लागला होता. ईदच्या आदल्या दिवशी नोमानने मामूंचे शॉकअप काढून त्याला दिले आणि तसेच दिसणारे कोरडे, बिनतेलाचे बसवले. तो पोट्टा आता गाडीसकट पुण्याला गेला होता.

"तुमाले काय मामू, तुमच्या हातात जादू हाय. तुमी दुसरे बनवान."

"तुयी मामी बसनार होती त्यावर."

"मले वाटलं, तिले काय समजते त्यातलं."

मामूंचा आवाज चढला नाही. "नेले ते नेले. पन माही गाठ काहून बांधली?"

नोमान सीट कव्हरचा कपडा सारखा करत राहिला.

परत येताना मामूंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "चहा घेतला का?" बस, तेवढंच. बाजारासमोर काढलेली अब्रू बाजारामागे परत मिळाली.

तसे शॉकअप पुन्हा मिळेनात. ते ज्या नव्या गाडीचे होते, त्याच मॉडेलची गाडी माझ्या बाबांकडे आहे. मी मामूंना सांगितलं, बाबा हो म्हणाले. बाबा त्या वेळी जेवून झोपले होते. मामूंनी ते कोरडे शॉकअप तेल घालून जरा बरे केले, आणि बाबांच्या गाडीचे काढून त्यांच्या जागी ते मी लावले. झोपेतल्या माणसाला विचारायचं तरी कसं? नोमाननेही स्वतःला असंच काहीतरी सांगितलं असेल. मी मात्र गाठबीठ बांधली नाही.

मामी बसायला तयार नव्हती. "आधी पोत्याले जऊळक्याले न्या अन् वापस आना. ते कन्हलं नाई तं पाहीन." मामू खरंच पोतं घेऊन जऊळक्याला जाऊन आले. आपाच्या नातीने दारात पोतं पाहून विचारलं म्हणे, "छोटी नानी कुठं हाय?"

दिवाळीनंतरच्या रविवारी मामी गेली आणि बसल्या बसल्या परत आली. आपाने तिचा हात धरून आधी तासभर शिव्या दिल्या, दोन वर्षांच्या साठलेल्या. मामी ते सांगताना हसत होती.

मामू पुन्हा शॉकअपचं काम घेतात. नोमानच्या दुकानावरून जाताना ते हायवेकडे पाहतात. त्यांच्या गाडीचं सीट फाटलंय, स्पंज दिसतो, पण शिवून घेत नाहीत. आणि धागा बांधायची वेळ आली की ते माझ्याकडे पाठ करून बसतात. मी निर्दोष आहे हे त्यांना माहीत आहे. पाठीला माहीत नसावं.

बाबा रोज वावरातून येतात, कमरेवर हात ठेवून उभे राहतात. "यंदा रस्ते लय खराब झाले बे."

"हो ना बाबा," मी म्हणतो.

त्यांचे शॉकअप परत द्यायचे आहेत. मामी आता दर पंधरा दिवसांनी जऊळक्याला जाते. येत्या रविवारीही जाणार आहे. त्यानंतर बघू.