एका दिवसात दोन होकार

त्या गुरुवारी मी सकाळी एका कंपनीला हो म्हणाले आणि संध्याकाळी दुसरीला.

सकाळची कंपनी मोठी, जगभर नाव असलेली. महादेवपुऱ्यात तिची काचेची इमारत आहे. फोन आला तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, समोर पेपर वाचत होते. आमच्या कित्येक पिढ्या बेंगळुरातच गेल्या, पण तसल्या इमारतीत घरातलं कुणी कामाला गेलं नव्हतं. अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्या तोंडून होकार निघून गेला. मी फोन ठेवेपर्यंत ते शेजारच्या अक्कांना सांगायला दारात पोचलेही होते.

दुपारी मारतहळ्ळीला गेले ती नकार द्यायला. तिथे एका घराच्या वरच्या मजल्यावर सहा जणांचं स्टार्टअप होतं; त्यांनीही मला नोकरी देऊ केली होती. पेशंटचं कन्नड बोलणं ऐकून दवाखान्याचा केसपेपर भरणारं सॉफ्टवेअर ती मंडळी बनवत होती. आत शिरले तर वाद चाललेला. एका म्हातारीने छातीत 'स्वल्प' दुखतंय, म्हणजे थोडंसं, असं सांगितलं होतं आणि सॉफ्टवेअरने तिला रांगेत शेवटी टाकलं होतं.

"थोडंच म्हणाली ना ती?" कंपनी काढणारा म्हणाला.

"अहो, आमच्या गल्लीतल्या बायका बाळंतपणाच्या कळांनाही स्वल्पच म्हणतात," मी म्हणाले. "छाती म्हटलं की पुढचं ऐकूच नका."

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. बसले ती अंधार पडेपर्यंत. निघताना त्याने विचारलं, "सोमवारपासून येताय ना?"

"येते," मी म्हणाले. बसमध्ये बसल्यावर सकाळचा होकार आठवला.

पुढचे दिवस मी घरभर नुसती फिरत होते. घडी केलेले कपडे पुन्हा मोडून घडी करत होते. दोन्हीकडे नकाराचे मेल लिहिले, दोन्ही पुसले. रविवारी सकाळी एकदाचं बोलून टाकलं.

"अण्णा, मी मोठ्या कंपनीत नाही जात."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तुम्ही समोर होतात म्हणून."

ते उठून आत गेले. 

सोमवारी मोठ्या कंपनीला फोन केला. तिकडच्या बाईंनी "बरं, शुभेच्छा" एवढंच म्हटलं, कारणसुद्धा विचारलं नाही. इतकी माफी तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला तर राग आला.

महिनाभराने अक्कांनी विचारलं, "तुमच्या त्या मोठ्या ऑफिसात जेवण फुकट असतं म्हणे?" अण्णा मागेच उभे होते. मी तिथे गेलेच नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"असतं," मी म्हणाले.

स्टार्टअप दीड वर्षाने बंद पडलं. सध्या मी सर्जापूर रोडवर तिसऱ्याच ठिकाणी आहे आणि काम चांगलं आहे. तरी मधूनच बायोडेटा उघडून बसते, दोन ओळी बदलते, बंद करते. कुठे पाठवायचाय, ते मलाही ठाऊक नसतं.