जास्तीची तीन पानं

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाची मांडणी माझ्याकडे आली. म्हणजे मीच मागून घेतली. मराठीच्या मॅडम अंकाच्या संपादक होत्या. त्यांनी वर्गात विचारलं, "कॉम्प्युटरवर पानं लावता कोणाला येतात?" मी हात वर केला. ऐरोलीच्या एका क्लासमध्ये तीन महिने शिकले होते, तेही लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर. पण एकदा वर केलेला हात खाली घेतला नाही.

मॅडमनी मागचे पाच अंक माझ्यासमोर ठेवले. प्रत्येक पानाला वेगळी फुलांची चौकट, कवितेच्या मागे फिकट सूर्यास्त, एकेका लेखात तीन-तीन प्रकारची अक्षरं. मी लायब्ररीत बसून त्यांच्या शेजारी चांगली मासिकं उघडून बघितली. तिथे सगळं ठरलेलं होतं. मजकुराला एक अक्षर, मथळ्यांना दुसरं. दोन कॉलम. सगळ्या पानांना सारखा समास. पानाचा नंबर बाहेरच्या कोपऱ्यात. फोटोतला माणूस पानाच्या आत बघणारा, बाहेर नाही. हे सगळं आधीच कोणीतरी शोधून ठेवलेलं असताना मी नव्याने डोकं कशाला फोडायचं? वहीत नियम उतरवले आणि ठरवलं, हेच पाळायचं.

"अंक एकदम प्लेन दिसतोय यार," अंकाच्या समितीतला एक मुलगा म्हणाला.

"प्लेनच पाहिजे. लोक लेख वाचणार आहेत, चौकटी नाही."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "करू दे तिला."

पहिली चूक मात्र माझीच झाली. एका इंग्रजी मासिकाचा तयार साचा मिळाला होता, त्यात मी सगळा मराठी मजकूर ओतला. बरोबर चौसष्ट पानं भरली. प्रिंट काढून खुशीत दिघ्याला घरी नेली. पप्पा रबाळ्याला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीत कटिंगच्या मशीनवर आहेत. आमच्या घरात छापील कागदाची पारख त्यांना. त्यांनी चष्मा लावला, एक पान लांब धरलं, मग जवळ घेतलं.

"काय चुकलंय?" मी विचारलं.

"मला डिझाइनमधलं काय कळत नाही. पण गर्दी झालीय. हे बघ, वरचा उकार खालच्या वेलांटीवर बसलाय."

खरंच बसला होता. इंग्रजी अक्षरांना तेवढी जागा पुरते. मराठीला डोक्यावर मात्रा, वेलांट्या आणि पायाखाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं. मी दुसऱ्या दिवशी अंतर वाढवलं. पानं मोकळी झाली, वाचायला सोपी झाली आणि चौसष्टची सदुसष्ट झाली.

"सदुसष्ट नाही चालणार," पप्पा म्हणाले. त्यांनी कॅलेंडरचा एक जुना मोठा कागद घेतला, तीनदा दुमडला आणि कडेने नंबर घातले. एका कागदातून सोळा पानं निघाली. "असे चार कागद, चौसष्ट. पाचवा घेतला तर ऐंशी. मधलं काही नाही. एक तर तीन काढ, नाय तर तेरा आण."

तेरा पानांचा मजकूर आणायला आता वेळ नव्हता. तीन पानं काढायची होती.

समितीत हे सांगितल्यावर एकाच लेखाकडे बोट गेलं. माझ्या वर्गातल्या सारसोळ्याच्या मैत्रिणीचा लेख, बरोबर तीन पानांचा. तिची आई खाडीत मासे धरते. त्या कामावर तिने घरच्या बोलीत लिहिलं होतं. पहिलीच ओळ होती, 'माजी आय पानी बगून सांगते, आज काय गावनार हाय.'

"शुद्ध भाषेत पण नाहीये," कोणीतरी म्हणालं. "काढला तर कळणार पण नाही."

मैत्रीण समोरच बसली होती. ती मान खाली घालून म्हणाली, "काढा. मला चालेल."

"मला नाही चालणार," मी म्हणाले.

आणि हे नुसत्या मैत्रीपोटी नव्हतं. अख्ख्या अंकात जो वाचताना मी काम विसरले होते, असा हा एकच लेख. अंक मी पहिल्या पानापासून परत चाळला. सुरुवातीला सहा शुभेच्छा संदेश होते, संस्थेच्या मंडळींचे आणि प्राचार्यांचे. प्रत्येकाला अख्खं पान, वर मोठा फोटो, खाली पाच ओळी. चांगल्या मासिकांत असे छोटे मजकूर एका पानावर दोन, सारख्या मापात लावतात. सहाची तीन झाली. तीन पानं वाचली.

"प्राचार्यांना विचारावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"मीच विचारते."

मी अंकाचे दोन नमुने छापून, दुमडून, स्टेपल करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले. एकात मोठे संदेश होते आणि मैत्रिणीचा लेख नव्हता. दुसऱ्यात उलट. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

सरांनी दुसरा उघडला. "माझा फोटो एवढा लहान का?"

"सगळे एकाच मापाचे आहेत सर. चौकटही सारखी. मोठे केले की मजकूर पाच ओळींचा असल्यामुळे पान खाली रिकामं दिसतं."

त्यांनी पहिला उघडून ताडून बघितलं. खरंच रिकामं दिसत होतं. मग पानं उलटत ते त्या लेखापाशी आले आणि थांबले. मी उभीच. ते वाचत गेले. एका ठिकाणी हसले.

"हे 'गावनार' असंच आहे? टायपिंगची चूक नाही ना?"

"नाही सर. तिच्या घरी असंच बोलतात."

"मग वर एक ओळ टाक, लेख बोलीत आहे म्हणून. नाहीतर लोक मला फोन करतील." त्यांनी दुसऱ्या अंकावर सही केली.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "घाबरली नाहीस?"

"घाबरले होते मॅडम. म्हणून तर दोन्ही नमुने करून नेले, बोलायला कमी लागलं."

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मैत्रिणीची आई आली होती, हिरवं लुगडं नेसून, तिसऱ्या रांगेत. मॅडमनी मैत्रिणीला स्टेजवर बोलावून लेखाचा थोडा भाग वाचायला सांगितला. सुरुवातीला ती भरभर वाचत होती, मग सावकाश वाचायला लागली. आईने एकदा अंधुक पहाटे जाळ्यात सापडलेला मोठा मासा एकटीने कसा ओढून काढला, ते ती वाचत होती. "जाल्यान येवरा मोटा बोईट..." एवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"बोईट नाय गो! जिताडा व्हता तो, जिताडा!"

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. मैत्रीण लाल झाली. तिची आई मात्र गंभीरपणे शेजारणीला दोन्ही हात पसरून मासा केवढा होता ते दाखवत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी मैत्रिणीच्या आईपाशी गेले. सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या, आता काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या हातातली प्रत मागून घेतली, 'बोईट' हे माशाचं चुकलेलं नाव पेनाने खोडलं आणि वर नीट अक्षरात 'जिताडा' लिहिलं.

"आता बराबर हाय?" मी विचारलं.

त्यांनी अंक मुलीला दाखवला. तिने वाचून मान डोलावली. मग त्या मला म्हणाल्या, "ये एकदा घरी. तुला जिताडा खायला घालते, मंजे चव कलंल. परत चुकायची नाय."

पुढच्या रविवारी मी गेले.