मागे लटकलेला प्रेक्षक

शहाद्याहून धडगावला निघालेल्या जीपमध्ये आम्ही फुटबॉलवेडे एकमेकांच्या मांडीवर बसून भांडत होतो. नवं स्टेडियम खाली लोणखेड्याला व्हावं की वर धडगावला?

"लोणखेड्यालाच!" मी गरजलो. "घाट चढून धडगावला मॅच बघायला येणार कोण?"

मागे एका पायावर लटकलेल्या अनोळखी माणसाने आत डोकं खुपसलं. गळ्यात शिट्टी, मिशीवर धूळ.

"भाऊ, मन्ही पोर धडगावले खेळस, गोलकीपर शे. मैदान खाले गयं ते तिना खेळ बंद! आनि धडगावले कोनी येत नही, मंग मी बाहेर कसाले लटकी ऱ्हायनू?"

सगळी जीप खदखदून हसली. मी तिथल्या तिथे पक्ष बदलला. त्याने आनंदाने दोन्ही हात उंचावले आणि आम्ही चौघांनी ओरडत त्याची कॉलर पकडली. धडगावचा पहिला प्रेक्षक घाटातच गमावून कसं चालेल?