सुतक कोणाला लागतं

आमच्या खानदेशात नुसतं पाटील म्हटलं तर काहीच कळत नाही. अमळनेरच्या एसटीत 'ओ पाटील' म्हणून हाक मारा, निम्मी गाडी मागे बघेल. ते मिरवायचं नाव. त्याच्याखाली मूळ आडनाव दडलेलं असतं, आणि लग्न जमवताना ते उकरून काढतात. दोघांचं कूळ एकच निघालं, तर ते भाऊबहीण. मग विषय संपला.

मी अमळनेरकडची पाटील, तो दोंडाईचाकडचा. दोघं जळगावात नोकरीला. लग्न करीन तर याच्याशीच, हे मी घरात ठणकावून सांगितलं होतं. त्याच्या घरून मूळ आडनाव कळलं, ते आमच्याहून निराळं. माझा जीव भांड्यात पडला. आई साड्यांचं बोलू लागली. फक्त आबा, माझे थोरले काका, तारीख धरायला तयार होईनात.

"आता काय राहिलं, आबा?" मी चिडून विचारलं.

"आडनाव काय माय, गाव सोडं का लोके नवं लावतस. सुतक कोनले लागस, ते देखनं पडी."

म्हाताऱ्यांना खुसपट काढल्याशिवाय अन्न पचत नाही, असं मी आईला म्हटलं. पण त्यानंतर घरात कुणी तारखेचं नाव काढेना. आबा या गावाला जात, त्या गावाला जात, जुन्या माणसांना भेटत. परत आले की खाली मान घालून जेवत आणि माझ्याकडे बघत नसत. मला भीती वाटायला लागली.

अशात त्याचे आजोबा वारले. होणारे सोयरे म्हणून दहाव्याला आम्ही तापीकाठी गेलो. आमच्याकडे त्या दिवशी मयताचे भाऊबंद, म्हणजे सुतक लागणारे एका कुळातले पुरुष, ओळीने बसून डोकं भादरून घेतात. सोयरे बाजूला उभे राहतात. ओळीत बसला तो रक्ताचा, त्यावर वाद नसतो.

आबा आमच्याजवळच उभे होते. त्यांनी चपला काढल्या, सरळ चालत गेले आणि ओळीत बसलेल्या त्याच्या शेजारी जाऊन टेकले. वडीलधारा माणूस दमला असेल, असं त्याला वाटलं असावं. तो आदरानं सरकला.

"तुम्ही कोण?" न्हाव्यानं विचारलं.

"भाऊबंद," आबा म्हणाले.

न्हाव्यानं त्यांच्या डोक्याला पाणी लावलं. पलीकडचे दोन म्हातारे माना डोलवत होते, त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखे. तो मात्र अर्धं भादरलेलं डोकं वळवून माझ्याकडे बघत राहिला. जाऊन आबांचा हात धरावा, ओढून आणावं, असा संताप आला होता. पण मयताच्या कार्यात कोण तमाशा करतं?

त्याची आई इतका वेळ माझा हात धरून उभी होती. तिनं तो सोडला, पदरानं डोळे पुसले आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"भाऊबीजेला ये माय, ओवाळायला," ती म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली.

मी हो म्हटलं.